जड फ्लाय, आडवा वारा आणि मागे उभी असलेली म्हैस

व्हिडिओ पाहून ज्यांनी फ्लाय रॉड मागवला आणि आता तो घेऊन एखाद्या बंधाऱ्यावर जायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. व्हिडिओत काचेसारखं पाणी असतं, वारा नसतो, मागे मोकळं माळरान असतं आणि फ्लायला (गळावर पिसं, केस, दोरा बांधून केलेलं नकली आमिष) वजनच नसतं. आपल्याकडं पाणी गढूळ, वारा आडवा, मागे वेडी बाभूळ आणि तिच्याखाली कुणाची तरी म्हैस. त्यात मासा तळाशी, म्हणून फ्लाय जड लागते. या सगळ्यात ती देखणी, अरुंद लूपची कास्ट (कास्ट म्हणजे फेक, लूप म्हणजे लाइन हवेत वळताना होणारं वळण) करायला गेलात तर पहिला मासा लागायच्या आधी स्वतःचा कान लागतो. जड फ्लाय सुरक्षित टाकायची तर कास्ट थोडी कुरूप करावी लागते, आणि तेवढं मान्य केलं की निम्मं काम झालं.

असं का होतं ते आधी समजून घ्या. फ्लाय फिशिंगमध्ये आपण खरं तर फ्लाय फेकत नाही, लाइन फेकतो. आठ नंबरच्या लाइनच्या (नंबर मोठा तितकी लाइन जड) पहिल्या 30 फुटांचं वजन 210 ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असतं. हलकी फ्लाय त्या वजनामागून निमूट जाते. आता क्लाउजर मिनो ही फ्लाय घ्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउजर यांनी 1987 च्या सुमारास सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशांसाठी ही बांधली. हिच्या डोक्याशी धातूचे डंबेलच्या आकाराचे डोळे असतात. मधल्या आकाराच्या डोळ्यांचं वजन साधारण ग्रॅमभर. ऐकायला काहीच नाही. पण लाइन हवेत वळते तेव्हा हा ग्रॅम वळत नाही, तो सरळ निघून जायला बघतो. लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा नायलॉनचा दोरा) ताणला की झटका खातो आणि मग त्याला वाटेल त्या बाजूनं परत येतो. त्या बाजूला तुमचं डोकं असू शकतं, किंवा रॉडचा शेंडा.

शेंड्याचं वेगळं सांगतो, कारण ते लगेच दिसत नाही. धातूचा डोळा कार्बनच्या रॉडवर आपटला की बारीकशी खोक पडते. रॉड तेव्हा मोडत नाही. पुढं कधी तरी, बऱ्यापैकी मासा लागलेला असताना, नेमका तिथंच मोडतो आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. कास्ट करताना ‘टक्’ असा आवाज आला तर थांबून रॉडवरून नख फिरवून बघा.

आधी ठरवा, जड फ्लाय हवीच आहे का

मरळीसाठी नको. मरळ श्वास घ्यायला वर येते, गवताच्या, पानवेलींच्या कडेनं असते. तिला फोमचा तरंगता बेडूक गवताला न अडकणाऱ्या गळावर बांधून द्या, ती पाण्याचा स्फोट करून घेते. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसला तर खाली राखणीला आई-बाप असतात. तिथं गळ टाकायचाच नाही, मग तो जड असो की हलका.

जड फ्लाय लागते ती शिंगाडा या मिशावाल्या माशासाठी, दुधना-पूर्णेच्या खोल डोहांसाठी, मांजरा-सिंदफणेच्या बंधाऱ्यांच्या पोटातल्या पाण्यासाठी आणि उन्हाळ्यात मासा तळ धरतो तेव्हा. वजनासाठी पितळ, शिसं किंवा टंगस्टन वापरतात. पितळेची घनता साडेआठच्या आसपास, शिशाची 11.3, टंगस्टनची 19.3. म्हणजे टंगस्टनचा लहानसा मणीही पटकन बुडतो, आणि तितकाच जोरात लागतोही. शिसं शक्यतो टाळा. तुटलेली फ्लाय पाण्यात राहते आणि शिसं गिळलेल्या पाणपक्ष्याला विषबाधा होते. नवशिक्यानं पितळेच्या लहान डोळ्यांपासून सुरुवात करावी असं माझं मत. बुडायला दोन सेकंद जास्त लागतात, तेवढं थांबा.

परवानगी

हे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. आपल्याकडच्या बहुतेक तलाव-धरणांतल्या मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. काठावरच्या भोई मंडळींना आधी भेटा, विचारा, पकडून सोडणार असाल तर तेही सांगा. एकदा ओळख झाली की कुठं खोल, कुठं गाळ, कुठं जुनी विहीर पाण्याखाली गेली आहे, हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वन विभागाला विचारल्याशिवाय रॉड उघडूच नये. आणि धरणाची भिंत, दरवाजे, त्यांच्या खालचा भाग ही गळ टाकायची जागा नाही, कुठल्याच धरणावर.

काय घालायचं, काय बांधायचं

सगळ्यात आधी चष्मा. बाकीचं सामान उसनं चालेल, चष्म्यावाचून जड फ्लाय हातात घेऊ नका. पॉलिकार्बोनेटच्या काचा असलेला, कडेनं झाकणारा, जमल्यास पोलराइज्ड. संध्याकाळी काळा चष्मा काढावा लागतो आणि नेमकं तेव्हाच मासा लागायला लागतो, म्हणून पिशवीत एक बिनरंगी चष्माही ठेवा. बरोबर आलेल्यालाही चष्मा हवा, फोटो काढणाऱ्याला तर नक्कीच.

डोक्याला रुंद काठाची टोपी, मानेवर पंचा किंवा उपरणं, अंगात पूर्ण बाह्यांचा जाडसर शर्ट. उन्हासाठी हे लागतंच, गळासाठीही लागतं. टोपीला मात्र दोरी हवी. आमच्यातल्या एकाची टोपी फ्लायनं उचलली आणि पाण्यात नेऊन टाकली. पुढचा तासभर तो त्या टोपीवर नेम धरून कास्ट करत होता. शेवटी ती लागली, आणि दिवसभरात त्याला तेवढंच लागलं.

रॉड आठ नंबरचा, नऊ फुटी घ्या. पाच नंबरच्या रॉडवर जड फ्लाय टाकता येते असं म्हणणारे भेटतील, त्यांच्या मागे उभे राहू नका. लीडर आखूड ठेवा, सहा-सात फूट, जाडसर, टोकाला 12 ते 15 पौंडांचा टिपेट (लीडरचा शेवटचा बारीक तुकडा, ज्याला फ्लाय बांधतात). लांब आणि बारीक लीडर जड फ्लायला वळवू शकत नाही, ती लोंबकळत येते.

गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. घरीच करा, काठावर गेल्यावर राहून जातं. कापसाच्या बोळ्यातून गळ ओढून बघा, बोळा सुटला नाही तर काटा अजून आहे. मासा सुटेल म्हणून लोक हे करत नाहीत. लाइन ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही, आणि तुमच्या बोटातून गळ निघायला मात्र एक मिनिट पुरतं. काटा असेल तर तालुक्याच्या गावापर्यंत जावं लागतं.

कमरेला उथळ प्लास्टिकचं टोपलं पट्ट्यानं बांधा आणि ओढलेली लाइन त्यात सोडा. खाली सोडलेली लाइन सराटे, काटेकुटे, चपलेचा अंगठा, सगळ्यात अडकते, आणि अडकलेली लाइन ऐन कास्टमध्ये फ्लायला झटका देऊन तुमच्याकडं वळवते. टोपलं बांधून उभे राहिलात की रस्त्यानं जाणारा विचारणारच, “मामा, काय पेरायलाव?” विचारू द्या.

मैदानावरची तालीम

पाण्यावर जाण्याआधी काही सकाळी मोकळ्या मैदानावर घालवा. जुन्या फ्लायचा गळ वाकणाच्या जागी पकडीनं कापून टाका, डोळे तसेच राहू द्या, वर रंगीत लोकर बांधा म्हणजे दिसते. वजन खरं, टोक नाही. चष्मा आणि टोपी इथंही.

आता कास्ट. 30 ते 35 फूट लाइन पुरे, बंधाऱ्यावर मासा बऱ्याचदा त्याहून जवळ असतो. रॉड उजव्या हातात असेल तर मागे नेताना तो बाजूला आडवा करून, जमिनीला जवळजवळ समांतर न्या. पुढं आणताना मात्र डोक्यावरून आणा. म्हणजे शेंड्यानं हवेत लांबट वर्तुळ काढलं. याला बेल्जियन कास्ट म्हणतात. फायदा असा की फ्लाय ज्या वाटेनं मागे गेली त्या वाटेनं पुढं येत नाही, मग ती लाइनवरही आपटत नाही आणि रॉडवरही. आणि या सगळ्यात रॉड कुठंही खाडकन थांबवायचा नाही, लाइनवरचा ताण सुटू द्यायचा नाही. ताण सुटला की फ्लाय खाली पडते, आणि मागे जिथं पडते तिथं तुमची पाठ असते.

घाई करू नका. जड फ्लायला मागे पूर्ण सरळ व्हायला वेळ लागतो. तालमीत मान वळवून मागे बघा, लाइन ताठ झाली की मगच पुढं. लूप मोठा, उघडा ठेवा. व्हिडिओवाला ज्या रुंद लूपला चूक म्हणतो, तोच इथं बरोबर आहे. हवेत चार-पाच वेळा मागे-पुढे झुलवणं बंद. एकदा मागे, एकदा पुढे, सोडून द्या. प्रत्येक जादा फेरी म्हणजे तो ग्रॅमभर धातू तुमच्या कानाजवळून आणखी एकदा जाणार.

तलावावर एक गोष्ट बदलते. मैदानावर फ्लाय जमिनीवर असते, तिथं ती पाण्यात दोन-तीन मीटर खाली असते. खोल असलेली फ्लाय एका दमात उपसून काढली तर ती पाण्यातून सुटून थेट तोंडावर येते. आधी लाइन ओढून आखूड करा, मग हलकीशी रोल कास्ट (लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढं लोळवणं) करून फ्लाय पृष्ठभागावर आणा, आणि ती वर दिसली की लगेच बॅककास्ट, म्हणजे मागची फेक. फ्लाय कुठं आहे ते दिसत नसेल तर कास्ट करायचीच नाही.

उभं कुठं राहायचं

वारा डाव्या खांद्यावरून येईल अशी जागा बघा. डावखुरे असाल तर उजव्या. वारा रॉडच्या बाजूनं आला तर तो प्रत्येक वेळी फ्लाय अंगावर ढकलतो. नाथसागराएवढ्या मोठ्या पाण्यावर, जिथं काठ 50-50 किलोमीटर पसरलेला असतो, वारा अडवायला काही नसतं. पावसाळ्याच्या सुरुवातीचा पश्चिमेकडचा वारा तर दुपारी उभं राहू देत नाही. सकाळी लवकर या, उन्हं वर आली की वारा उठतो. जागा बदलता येत नसेल तर पाण्याकडं पाठ करून उभे राहा, पुढची कास्ट रिकाम्या काठाकडं करा आणि बॅककास्टवर फ्लाय पाण्यात सोडा. नेम बिघडतो, पण डोकं वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहतं.

प्रत्येक कास्टच्या आधी मागे बघा. प्रत्येक. गुरं पाण्यावर येतात, पोरं बघायला येतात, धुणं धुणाऱ्या बाया येतात, आणि कुणी तुम्हाला सांगून येत नाही. एका कोल्हापुरी बंधाऱ्यावर आमच्याबरोबर एक बँकेतले साहेब होते. त्यांची फ्लाय मागे कुठं तरी अडकली, त्यांनी हिसका दिला आणि रील किंचाळायला लागली. साहेब समोर पाण्याकडं बघून ओरडले, “लागला, मोठा लागला!” लाइन मात्र मागे चालली होती, कारण फ्लाय म्हशीच्या शेपटीच्या गोंड्यात होती आणि म्हैस घराकडं निघाली होती. साहेब रॉड घेऊन तिच्यामागे पळाले. म्हशीचा मालक शांतपणे म्हणाला, “मासे धरायचा परवाना दाखवलाव, म्हैस धरायचा कुठंय?” गोंडा कापून फ्लाय काढली, चहा झाला. शेपटीऐवजी डोळा असता तर चहा झाला नसता. माणूस किंवा जनावर मागे रॉड आणि लाइन मिळून होणाऱ्या अंतरात असेल तर थांबायचं, हात वर करून सांगायचं. पोरांना मागे न ठेवता आपल्या डाव्या बाजूला, पुढं बसवायचं. त्यांना दिसतंही चांगलं.

तारांकडं बघा. काठाजवळून उपसा मोटारींसाठी वीज गेलेली असते, कुठं 11 केव्हीची लाइन, कुठं लोंबकळलेली. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. तारेखाली रॉड उभा करूच नका, जोडायचासुद्धा नाही. फ्लाय तारेला लागलीच तर ओढू नका, रॉड खाली टाकून दूर व्हा, त्याला परत हात लावू नका, कुणाला लावू देऊ नका आणि महावितरणला फोन करा. नाही तर गावकऱ्यांना वाटायचं, दिवसाढवळ्या आकडा टाकायलाय. काठावर पडलेल्या मोटारीच्या केबलींवरून लाइन ओढू नका, टेप गुंडाळलेले त्यांचे जोड ओल्या जमिनीत धोक्याचे असतात.

फ्लाय अडकली तर

फ्लाय बाभळीत, दगडात, बुडालेल्या खोडात अडकते, हा रोजचा भाग आहे. अशा वेळी रॉड वाकवून ओढणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. ताणलेली लाइन सुटली की धातूचे डोळे लावलेली फ्लाय गोफणीतल्या दगडासारखी सरळ तुमच्याकडं येते, आणि तुम्ही तिच्याकडंच बघत असता.

असं करा. आधी दुसऱ्या बाजूला चालत जा आणि उलट दिशेनं हलकेच ओढून बघा. क्लाउजरचा गळ टोक वर करून चालतो, त्यामुळं ती बरेचदा नुसती दगडाच्या फटीत बसलेली असते, टोचलेली नसते, आणि अशी सुटते. नाही सुटली तर रॉड सरळ फ्लायच्या रोखानं धरा, वाकू देऊ नका. लाइन पंचा गुंडाळलेल्या हातानं किंवा काठीला वेढून पकडा, नुसत्या बोटाला वेढू नका, ती कापते. बाकीच्यांना बाजूला करा, तोंड फिरवा, आणि मागे चालत जा. टिपेट तुटेल. एक फ्लाय गेली तर गेली, तिच्यासाठी पाण्यात उतरू नका. तुटलेला नायलॉन हाती लागेल तेवढा गोळा करून खिशात घाला, बगळ्या-बलाकांच्या पायात तो अडकतो.

गळ अंगात घुसला तर

डोळ्यात किंवा डोळ्याजवळ घुसला असेल तर काढायचा नाही, हात लावायचा नाही, धुवायचंही नाही. लाइन कापा, दाब न देता कागदी कप उपडा ठेवून वरून चिकटपट्टी लावा, दुसराही डोळा मिटून ठेवायला सांगा आणि नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. 108 ला फोन करा किंवा जी गाडी असेल ती काढा. चेहरा, मान, सांधा, खोल घुसलेला गळ, हे सगळं डॉक्टरचंच काम.

बोट, दंड, पाठीचा मांसल भाग आणि काटा दाबलेला गळ असेल तर ज्या वाटेनं घुसला त्याच वाटेनं मागे घ्या, निघतो. काटा असलेल्यासाठी दोरीची पद्धत आहे. आधी लाइन कापून फ्लाय मोकळी करा. जाड नायलॉनचा फास गळाच्या वाकणात अडकवा, दुसऱ्यानं गळाची दांडी कातडीवर दाबून धरायची म्हणजे काटा मांसातून सुटतो, आणि मग फास कातडीला समांतर, दांडीच्या दिशेनं, एका झटक्यात ओढायचा. हळूहळू ओढलं तर दुखतं आणि निघत नाही. समोर कुणी नको, गळ उडतो. ज्याला हे जमणार नाही असं वाटतं त्यानं करू नये, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. काढल्यावर साबण-पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. गळ बंधाऱ्याच्या गाळातून आलेला असतो, हे विसरू नका.

मासा हातात आल्यावरही धोका संपत नाही. शिंगाड्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूच्या परांत काटे असतात, ते तो ताठ करून धरतो. बोटात गेला तर हात तासन्‌तास ठणकतो. त्याला ओल्या फडक्यात, डोक्यामागून धरा. मरळीच्या तोंडात बोट घालू नका, पकडीनं गळ काढा.

पाय, पाणी आणि आभाळ

जड फ्लायच्या नादात बाकीचं विसरायला होतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं तेव्हा काठावरचा काळा गाळ वरून वाळून भेगाळतो आणि खाली लोण्यासारखा मऊ असतो. काठी टोचत पुढं जा. पाय रुतला तर हिसके देऊ नका, मागे बसा, वजन पसरा, पाय हळूहळू फिरवत काढा. धरणाच्या बुडीत क्षेत्रात पाण्यात उतरूच नये हे माझं ठाम मत आहे, कारण जुन्या विहिरी कुठं आहेत ते वरून कळत नाही. थर्माकोलच्या चप्पूवर बसून मासे धरणारे भोई तुम्हाला दिसतील, त्यांचं बघून आपण बसू नये. त्यांचं सगळं आयुष्य त्यावर गेलेलं असतं. काठावरही लाइफ जॅकेट अंगात असू द्या. बंधाऱ्याच्या खालच्या डोहात असाल तर वरून पाणी सोडल्याचा भोंगा आणि पाण्याचा बदललेला रंग, दोन्हींवर लक्ष ठेवा. जायकवाडीला 27 दरवाजे आहेत, ते उघडले की खालचं पात्र बघता बघता भरतं.

गवतात पाय टाकताना बूट हवेत. पाण्यात सरसरत जाणारी पाणदिवड बिनविषारी असते, पण काठच्या दगडात घोणस असू शकते. चावली तर बांधणं, कापणं काही नाही, पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय.

आणि वीज. मे-जून आणि परतीच्या पावसाचे दिवस मराठवाड्यात विजांचे असतात. उघड्या काठावर नऊ फुटी कार्बनचा रॉड धरून उभं राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप फोनवर ठेवा. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, रॉड आडवा ठेवा आणि गाडीत किंवा पक्क्या घरात जा. बाभळीखाली नाही, कितीही दाट असली तरी. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा.

परत निघताना फ्लाय रॉडच्या कडीत अडकवून, रॉड मोटारसायकलवर मागच्या माणसाच्या हातात उभा देऊन घरी जायची पद्धत आहे, ती सोडा. तारा वर आहेत आणि पहिल्या खड्ड्यात ती फ्लाय चालवणाऱ्याच्या पाठीत बसते. फ्लाय कापून डबीत, रॉडचे तुकडे करून नळीत, आणि सीटवर बसायच्या आधी एकदा हात फिरवून बघा.